मनाच्या वैद्यकीचा अधिकार

शरीराला ताप चढला म्हणजे कोणाकडे जावें हें घरांतील लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु मनच खचलें, कारणावांचून भीति दाटून येऊं लागली, झोंप उडाली, तर कोणाचें दार ठोठावावें हा प्रश्न जाणत्या माणसांनाही चटकन सुटत नाहीं. मोठ्या शहरांत पाट्या पुष्कळ दिसतात. एकीवर मनोविकारतज्ज्ञ, दुसरीवर चिकित्सक मानसशास्त्रज्ञ, तिसरीवर समुपदेशक. पहिला वैद्यकाची पदवी घेऊन आलेला, दुसरा मानसशास्त्राची, तर तिसरा कदाचित् शिक्षणाच्या किंवा समाजसेवेच्या क्षेत्रांतून आलेला. ह्यांपैकीं मनावर उपचार करण्याचा अधिकार कोणाचा? हा वाद आजचा नव्हे. सुमारें शंभर वर्षांपूर्वीं तो व्हिएन्ना शहरांत थेट सरकारदरबारीं गेला होता, आणि त्याचा वृत्तांत आजही उद्बोधक आहे.

मानसशास्त्राचें मूळच मुळीं संमिश्र आहे. जर्मनींत लाइप्झिग येथें १८७९ सालीं मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढणारा विल्हेल्म वुंट हा शिक्षणानें वैद्य, पण त्याचें अध्यापकपद होतें तत्त्वज्ञानाचें. अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत लाइटनर विट्मर ह्यानें १८९६ सालीं पहिलें मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडलें. त्याला निमित्त झाली एक शिक्षिका. बुद्धीनें चांगला, पण शुद्धलेखन कांहीं केल्या न साधणारा एक चौदा वर्षांचा मुलगा तिनें विट्मरकडे आणला. तपासाअंतीं मुलाच्या दृष्टींतही दोष आढळला. तेव्हां चष्मा आणि शिकवणी असे दोन्ही उपाय योजावे लागले. शरीर व मन ह्यांची सरहद्द किती अस्पष्ट असते, हें ह्या पहिल्याच प्रकरणांत दिसून आलें.

व्हिएन्नाचा सिग्मंड फ्रॉइड हा १८८१ सालीं पदवी घेतलेला डॉक्टर. पण त्याच्या मनोविश्लेषणांत औषधाची बाटली नव्हती आणि शस्त्रक्रियेचें हत्यारही नव्हतें. रोग्यानें मनांत येईल तें बोलावें, वैद्यानें ऐकावें व अर्थ लावावा, एवढेंच त्याचें बाह्य स्वरूप. साहजिकच त्याच्याभोंवतीं नाना पेशांचीं माणसें जमलीं. हान्स साक्स हा वकील. ओस्कार फिस्टर हा झुरिच येथील धर्मोपदेशक. ऑटो रँक हा यंत्रांच्या कारखान्यांत उमेदवारी केलेला तरुण. फ्रॉइडनें त्याला मंडळाचा चिटणीस नेमलें आणि विद्यापीठांत जाण्यास उत्तेजन दिलें. थिओडोर राइक ह्यानें १९१२ सालीं डॉक्टरची पदवी मिळविली, पण प्रबंध होता फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर ह्याच्या एका कृतीवर. वैद्यक शिकावें असा त्याचा विचार होता. तो फ्रॉइडनेंच मोडून काढला.

पुढें हीच गोष्ट राइकला भोंवली. सनदेवांचून रोग्यांवर उपचार करण्यास ऑस्ट्रियांत कायद्यानें बंदी होती. १९२५ च्या आरंभीं शहराच्या कारभाऱ्यांनीं त्याला व्यवसायाची मनाई केली. पुढल्या वर्षीं त्याच्याच एका पूर्वीच्या अमेरिकन रोग्यानें फिर्याद केली, आणि भोंदू वैद्यकीच्या आरोपावरून चौकशी सुरू झाली. राइकच्या पोटापाण्याचा प्रश्न होताच. पण डॉक्टर नसलेल्या सर्वच मनोविश्लेषकांचें भवितव्य त्या निकालावर अवलंबून होतें.

ह्या प्रसंगीं फ्रॉइडनें १९२६ सालींच एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. एका निःपक्षपाती गृहस्थाशीं चाललेला संवाद असें त्याचें स्वरूप आहे. त्यांतील युक्तिवाद थोडक्यांत असा : भोंदू कोण, तर ज्ञानावांचून उपचार करणारा. मग एखादा सनदी डॉक्टरही मनोविश्लेषण न शिकतां तें करूं लागला, तर त्या कामापुरता तोही भोंदूच ठरतो. वैद्यकाच्या विद्यालयांत मनाच्या ह्या बाजूचें शिक्षण मिळत नाहीं. म्हणून फ्रॉइडनें एका काल्पनिक विद्यालयाचा अभ्यासक्रमच मांडला. त्यांत जीवशास्त्राची ओळख व मनोविकारांचीं लक्षणें होतीं, आणि त्यांच्या जोडीला संस्कृतीचा इतिहास, पुराणकथा, धर्माचें मानसशास्त्र व वाङ्मय हेही विषय होते. मात्र एक अट त्यानें सोडली नाहीं. रोग्याची पहिली तपासणी व निदान डॉक्टरनेंच करावें, आणि उपचार चालू असतां शारीरिक रोगाची शंका आली तर पुन्हां डॉक्टरचाच सल्ला घ्यावा.

विरुद्ध पक्षाचें म्हणणेंही पोकळ नव्हतें, आणि त्या पक्षांत फ्रॉइडचे कित्येक अनुयायी होते. शरीराचे रोग पुष्कळदां मनाच्या रोगाचें सोंग घेऊन येतात. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक झाला म्हणजे छातींत धडधड होते, जीव घाबरा होतो. मेंदूंतील गांठीमुळें स्वभाव पालटतो. अशा वेळीं नुसतें बोलत बसणें म्हणजे रोग्याच्या प्राणाशीं खेळ. शिवाय एक दुःखद घटना लोकांच्या स्मरणांत ताजी होती. हेर्मिने हुग-हेल्मुट ही विदुषी पेशानें शिक्षिका, आणि मुलांच्या मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्यांपैकीं एक. तिनें ज्याला वाढविलें, ज्याच्या बालपणाचीं निरीक्षणें आपल्या लेखनांत वापरलीं, त्याच भाच्यानें १९२४ सालीं तिचा खून केला. ह्या विद्येवर टीका करणाऱ्यांच्या हातीं आयतेंच शस्त्र आलें. तिला विद्वत्ता कमी होती असें नव्हे. पण ज्या मुलाचें पालकत्व पत्करलें त्याच्याकडेच अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्यांत केवढा धोका असतो, हें आधीं कोणीं सांगितलें नव्हतें.

राइकवरील आरोप १९२७ सालीं पुराव्याअभावीं काढून घेण्यांत आला. पण वादाचें खरें उत्तर न्यायालयाबाहेर तयार होत होतें. बर्लिन येथें १९२० सालीं मॅक्स आयटिंगन ह्याच्या पुढाकारानें एक दवाखाना निघाला आणि त्याच्याबरोबर शिक्षणाची त्रिविध पद्धति रुजली. उमेदवारानें प्रथम स्वतःचें मनोविश्लेषण करवून घ्यावें, मग शास्त्राचा अभ्यास करावा, आणि शेवटीं जाणत्याच्या देखरेखीखालीं रोगी हाताळावेत. ज्याचें जळतें त्यालाच कळतें, ही आपली म्हण; त्या पद्धतीनें तिला जणूं नियमाचें रूप दिलें. डॉक्टर असो वा वकील, ह्या तीन पायऱ्या कोणालाच चुकल्या नाहींत.

ह्या वाटेनें आलेल्या शिक्षकांचें कार्य विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. व्हिएन्नाच्या आउगुस्ट आइखहॉर्न ह्या शाळामास्तरानें पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस उनाड व गुन्हेगार मुलांसाठीं संस्था चालविली. सर्वांत दांडगट मुलांचा एक स्वतंत्र गट करून, त्यांना शिक्षा करावयाची नाहीं असा हुकूम त्यानें आपल्या सहकाऱ्यांना दिला. मुलांनीं सामानाची मोडतोड केली, खिडक्या फोडल्या; पण मार कोणीच देईना, तेव्हां हळूहळू त्यांचा आवेश ओसरला आणि तीं रडूं लागलीं. सुधारणेला तेथून आरंभ झाला. फ्रॉइडची धाकटी कन्या ॲना हीही प्राथमिक शिक्षिका होती. तिच्याकडे वैद्यकाची पदवी कधींच नव्हती. तरी महायुद्धाच्या काळांत लंडन येथें घरांपासून ताटातूट झालेल्या मुलांसाठीं तिनें चालविलेलीं बालगृहें पुढील संशोधनाचा आधार ठरलीं. एरिक एरिक्सन हा भटका चित्रकार १९२७ सालीं व्हिएन्नांतील एका छोट्या शाळेंत शिक्षक म्हणून आला, ॲनाकडे तयार झाला, आणि विद्यापीठाची एकही पदवी नसतां पुढें हार्वर्ड येथें प्राध्यापक झाला. गांधीजींवरील त्याचा ग्रंथ १९६९ सालचा. अहमदाबादच्या १९१८ च्या गिरणीसंपाचा त्यांत मानसशास्त्रीय दृष्टीनें विचार आहे.

अमेरिकेंत मात्र वारें उलटें वाहिलें. तेथील वैद्यकीय विद्यालयांची झाडाझडती घेणारा अब्राहम फ्लेक्सनर ह्याचा अहवाल १९१० सालीं निघाला होता. भोंदूंच्या सुळसुळाटांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या डॉक्टरांना सनदेचा बांध ढिला होऊं द्यावयाचा नव्हता. तेथील मनोविश्लेषक संस्थेनें १९३८ सालीं डॉक्टरांखेरीज इतरांना शिक्षणाचें दार बंद केलें. त्याच वर्षीं नाझींच्या छळामुळें परागंदा झालेला राइक न्यूयॉर्कला पोंचला आणि पुन्हां त्याच उंबरठ्यावर अडला. अखेर १९४८ सालीं त्यानें डॉक्टर नसलेल्यांसाठीं स्वतंत्र संस्था स्थापन केली. मूळ संस्थेचें दार उघडण्यास १९८५ सालीं कांहीं मानसशास्त्रज्ञांना दावाच लावावा लागला. १९८८ सालीं त्याची तडजोड झाली. राइक त्यापूर्वींच, १९६९ सालीं, निवर्तला होता.

हिंदुस्थानांत ह्या दोन प्रवाहांचा संगम एकाच व्यक्तींत झाला. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस हे आधीं डॉक्टर झाले. मग त्यांनीं मानसशास्त्राचा अभ्यास करून १९२१ सालीं त्या विषयांत डॉक्टरेट मिळविली. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं मनोविश्लेषण संस्था स्थापिली. तिच्या आरंभींच्या सभासदांत महाविद्यालयांतील अध्यापक होते, तसेच सैन्याच्या वैद्यकीय खात्यांतील अधिकारीही होते. मुंबईंत सर दोराबजी टाटा ह्यांच्या नांवाच्या समाजसेवा विद्यालयानें १९३७ सालीं बालमार्गदर्शन केंद्र काढलें. इटलीच्या वंशभेदी कायद्यांमुळें १९३८ सालीं मुंबईस आलेला एमिलिओ सर्व्हाडिओ हा मनोविश्लेषक कायद्याचा पदवीधर होता. म्हणजे डॉक्टर, अध्यापक, समाजसेवक व कायदेपंडित असे चारही जण ह्या क्षेत्रांत आपल्याकडे त्या काळींच वावरत होते.

स्वातंत्र्योत्तर काळांत कायद्यानें ह्या व्यवसायांची वांटणी अधिक स्पष्ट केली. १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्यानें चिकित्सक मानसशास्त्रज्ञांच्या नोंदणीची सोय झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मनोविकारतज्ज्ञांबरोबर चिकित्सक मानसशास्त्रज्ञ, मनोविकार क्षेत्रांतील समाजसेवक व परिचारिका ह्यांनाही स्थान दिलें. इतकेंच नव्हे, तर आयुर्वेद, युनानी, सिद्ध व होमिओपथी ह्यांतील त्या विषयाच्या पदव्युत्तर पदवीधरांचाही त्यांत समावेश केला. औषधें लिहून देणें हें वैद्यकाचें काम. मनाच्या चाचण्या घेणें व संभाषणानें उपचार करणें हें चिकित्सक मानसशास्त्रज्ञाचें मुख्य काम.

व्हिएन्नाच्या त्या वादानें शिकविलें तें इतकेंच. मनाच्या वैद्याचा पूर्वीचा पेशा कोणता होता ह्यावरून त्याचा अधिकार ठरत नाहीं. शाळामास्तरही ह्या कामास लायक ठरला आहे आणि पदवीधर डॉक्टरही नालायक ठरूं शकतो. घरांतील कोणाला अशा मदतीची गरज पडली तर पाटीवरील अक्षरांवर न थांबतां तीन गोष्टी विचाराव्यात : ह्या कामाचें शिक्षण कोठें व किती घेतलें, उमेदवारी कोणाच्या देखरेखीखालीं केली, आणि शरीराच्या रोगाची शंका आली तर रोग्याला कोणाकडे पाठविलें जातें. हे प्रश्न विचारण्यांत कसलाही उद्धटपणा नाहीं. खरा जाणकार त्यांनीं रागावत नाहीं; आणि जो रागावेल, त्याच्या दारांतून वेळींच परतलेलें बरें.