विरजण आणि तान्ह्या बाळाचे पोट

मागील पावसाळ्यात माझी पुतणी माहेरी आली असता तिचे दहा महिन्यांचे बाळ जुलाबांनी आजारी पडले. डॉक्टरांनी तीन गोष्टी लिहून दिल्या: जलसंजीवनीची पाकिटे, जस्ताच्या गोळ्या आणि ‘प्रोबायोटिक’ नावाची एक पुडी. घरी आल्यावर आमच्या मोठ्या जाऊबाईंनी विचारले, “ही पुडी कसली गं?” पुतणी म्हणाली, “आई, यात चांगले जंतू असतात.” जाऊबाई म्हणाल्या, “जंतूंनीच तर लेकरू आजारी पडलंय. आणखी जंतू त्याच्या पोटात घालायचे?”

प्रश्न रास्त होता, आणि मला उत्तर देता आले नाही. म्हणून नंतर मी या विषयाची माहिती जमवली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जो मजकूर इंग्रजीत होता, तो मुलाने मला मराठीत समजावून सांगितला. त्यातून जो इतिहास कळला, तो भगिनींपुढे ठेवते.

दूध नासते का आणि आंबते का, याचा उलगडा प्रथम फ्रान्समध्ये झाला. लुई पाश्चर यांनी 1857 साली दाखवून दिले की दूध आंबते ते सजीव सूक्ष्म जंतूंमुळे. आपण रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालतो, तेव्हा लक्षावधी जीवच त्यात सोडत असतो. ते दुधातील साखर खातात, तिचे आम्ल करतात आणि दूध घट्ट होते. आपल्या आज्या-पणज्यांना जंतू ठाऊक नव्हते. परंतु विरजण मरते, ते जपावे लागते आणि संपले तर शेजारणीकडून मागून आणावे लागते, एवढे त्या जाणून होत्या.

पुढे बाळांच्या पोटाचा अभ्यास सुरू झाला. जर्मनीतील म्यूनिक शहरी थिओडोर एशेरिश नावाचे तरुण बालवैद्य होते. तान्ह्या बाळांच्या शीचा अभ्यास त्यांनी 1885 साली प्रसिद्ध केला. आईच्या पोटातून बाहेर आल्यावर बाळाची पहिली शी जवळजवळ निर्जंतुक असते आणि थोड्याच अवधीत तिच्यात जंतू दिसू लागतात, असे त्यांना आढळले. कोणाला हे काम किळसवाणे वाटेल. पण बाळाची लंगोटी पाहून त्याची प्रकृती ओळखणाऱ्या आपणां बायकांना ते तसे वाटू नये.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांना 1899 साली अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत एक निराळा जंतू सापडला. तो दोन फांद्या फुटल्यासारखा दिसतो, म्हणून त्याचे नाव ‘बिफिडस’ पडले. जुलाब होणाऱ्या बाळांत हे जंतू कमी दिसतात, तेव्हा ते बाहेरून दिले तर गुण येईल, असा विचार तिसिए यांनी मांडला. आजच्या पुडीचे मूळ ते हेच.

अंगावरच्या बाळातच हा जंतू इतका का, याचे कारण पुष्कळ वर्षांनी उमगले. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. त्या या जंतूंचे अन्न होत. म्हणजे आई बाळाला पाजते, तेव्हा बाळाच्या पोटातील या पाहुण्यांचेही पान वाढते. पूर्वी आपल्याकडे पुष्कळ घरी बाळंतिणीचा पहिला चीक पिळून टाकीत आणि बाळाला मध चाटवीत. चिकात या शर्करा विशेष असतात, तो टाकणे म्हणजे केवढे नुकसान! आणि मध तर वर्षाच्या आतील बाळाला देऊच नये, असे आज डॉक्टर सांगतात.

दह्याला जगभर कीर्ती मिळाली ती एली मेचनिकॉफ यांच्यामुळे. हे मूळचे रशियाकडचे, पण काम पाश्चर संस्थेत. स्टामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन विद्यार्थ्याने 1905 साली आपल्या देशच्या दह्यातील जंतू शोधून काढला होता. आंबवलेल्या दुधाने म्हातारपण लांबते, असे मेचनिकॉफ सांगू लागले. त्यांना 1908 साली नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु ते दह्यासाठी नव्हे, शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी. ते स्वतः 1916 साली 71व्या वर्षी वारले.

यानंतर दही दुकानात आले. स्पेनमधील बार्सिलोना शहरी आयझॅक कारासो यांनी 1919 साली दही विकण्यास आरंभ केला. तेथे तेव्हा मुलांमध्ये पोटाचे विकार फार होते. त्यांचे दही औषधांच्या दुकानांत मिळे, आणि आपल्या डॅनिएल या मुलाच्या लाडक्या नावावरून त्याला त्यांनी ‘डॅनोन’ हे नाव दिले. जपानात क्योतो येथे मिनोरू शिरोता यांनी 1930 साली पोटात टिकून राहणारा जंतू निवडून वाढवला, आणि 1935 साली ‘याकुल्ट’ हे पेय निघाले. ते घरोघर पोचवण्यासाठी 1963 पासून गृहिणींना नेमण्याची पद्धत सुरू झाली. आपल्यासारख्याच संसारी बायका होत्या त्या!

‘प्रोबायोटिक’ या शब्दाचा अर्थ जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 साली ठरवला: पुरेशा प्रमाणात दिले असता आरोग्यास हितकर ठरणारे जिवंत सूक्ष्म जीव. यातील ‘पुरेशा प्रमाणात’ आणि ‘जिवंत’ हे शब्द महत्त्वाचे. घरच्या दह्यात जंतू असतात खरे. पण ते कोणते आणि किती, हे सांगता येत नाही. म्हणून दही हे उत्तम अन्न आहे, पण ते औषध आहे असे म्हणू नये. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले की ताजे दही बाळाला थोडे थोडे देता येते. त्याआधी आईचेच दूध.

आता गुण येतो की नाही? याची दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही खरी आहेत. ओडिशाच्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 4,556 नवजात बाळांवर अभ्यास केला. अर्ध्या बाळांना सात दिवस निवडक जंतू व त्यांचे अन्न असलेले औषध दिले. ज्यांना दिले नव्हते, त्यांच्यांत दोन महिन्यांत शंभरी 9 बाळांना रक्तदोषाचा गंभीर आजार किंवा मृत्यू आला. ज्यांना दिले, त्यांच्यांत शंभरी 5.4. हा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला.

परंतु पुढच्याच वर्षी, 2018 साली, अमेरिका व कॅनडा येथील दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. तेथे जुलाब-उलट्या झालेल्या लहान मुलांना निराळे जंतू दिले होते, आणि त्यांचा काही उपयोग दिसला नाही. म्हणजे प्रत्येक जंतूचा गुण वेगळा, आणि कोणत्या बाळाला केव्हा दिला हेही वेगळे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तर यापासून धोका होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने 2023 साली दिला आहे. तेव्हा शेजारणीने सांगितले म्हणून पुडी आणू नये.

आता आमच्या घरची गोष्ट पुरी करते. बाळ जलसंजीवनी ओकून टाकीत होते, म्हणून आम्ही ती बंद केली आणि नुसती पुडी देत राहिलो. मनात म्हटले, महागाचे औषध आहे, तेच गुण देईल. संध्याकाळपर्यंत बाळाचे डोळे खोल गेले आणि रडताना अश्रू येईनात. मी चार मुलांची काकू, घरातली जाणती, पण मलाही सुचले नाही. डॉक्टरांकडे धावलो तेव्हा त्यांनी आम्हांलाच चांगले सुनावले. मग रात्रभर आम्ही तिघी पाळीपाळीने दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा पाणी पाजत बसलो. ओकले तर दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे. अंगावरचे पाजणेही चालूच ठेवले. पहाटे बाळाने लंगोटी ओली केली, तेव्हा जाऊबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

हे साधे पाणीही इतिहासात मोठे आहे. बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी, 1971 साली, सीमेवरील बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली. सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी नातलगांच्याच हातून रुग्णांना पाजवले. शंभरी तीसपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या छावणीत चारच्या आत आले. ते हात बहुतेक घरच्या माणसांचेच होते.

भगिनींनो, जाऊबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता येते. सगळे जंतू वैरी नसतात; काही आपल्या विरजणासारखे घरचेच असतात. डॉक्टरांनी पुडी दिली तर ती अवश्य द्यावी. मात्र बाळाला जुलाब झाले, तर वाटी आणि चमचा आधी हाती घ्यावा, आणि बाळाने ओकले म्हणून तो खाली ठेवू नये. आमची ती चूक दुसऱ्या कोणा घरी होऊ नये, म्हणून हे लिहिले.