शिष्याच्या हाती हिशेब

नाशिकच्या कॉलेज रोडवर क्लासेसच्या पाट्या वाचत गेले, की 'कोचिंग' या शब्दाचा अर्थ गुणपत्रिकेपाशी संपतो असे वाटू लागते. आपल्यात काय बदलले हे शिकणाऱ्याला स्वतःला उमगावे आणि शिकवणारा दूर झाल्यावरही ते टिकावे, हा या कामाचा अवघड भाग. त्याचा विचार करताना आम्हांला याच शहराशी जोडलेले एक नाव आठवते. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (1872-1931) आयुष्याच्या अखेरच्या पर्वात नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहत होते.

विष्णुबुवा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. त्या परंपरेतल्या तालमीत शिष्य कुठवर आला, हे गुरूच जाणे. एकच पलटा दीर्घकाळ घोटायचा. पुढचा कधी मिळणार, हे विचारण्याची सोय नव्हती. त्यात गळा पक्का होई, हे नाकारता येणार नाही. पण प्रगतीचा हिशेब गुरूच्या कानात राही.

5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा या हिशेबाची जागा बदलली. ठरावीक अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा आणि स्वरलिपीत छापलेली पुस्तके आली. विष्णुबुवांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती सिद्ध केली होती. तिचे महत्त्व आपण सहसा बंदिशींच्या जतनापुरते मोजतो. आमच्या मते तिचे दुसरे काम तितकेच मोलाचे आहे. काल जी ओळ वाचता येत नव्हती ती आज गाता येते, हे विद्यार्थ्याला कोणी न सांगता कळू लागले.

अर्थात लिपीत सारे मावत नाही. मींड, आंदोलन, स्वरांमधली सूक्ष्म जागा कागदावर पुरती उतरत नाही. शिवाय पायऱ्या आखल्या की पायरीलाच मुक्काम समजण्याचा धोका असतो. विष्णुबुवांच्या निधनानंतर शिष्यांनी 1931 मध्येच स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'विशारद', 'अलंकार' या परीक्षा आज सर्वपरिचित आहेत. पण पदवी हाती आली की तानपुरा गवसणीत जातो, हेही आपण पाहतो. प्रगती मोजता आली म्हणून ती टिकतेच असे नाही.

मग टिकते कशाने? वडील गेले तेव्हा दत्तात्रेय, म्हणजे पुढचे डी. व्ही. पलुस्कर, अवघे दहा वर्षांचे होते. त्यांची तालीम थांबली नाही. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास या वडिलांच्या शिष्यांनी ती पुढे नेली. 1935 साली, चौदाव्या वर्षी, ते जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायले. पित्याची विद्या पुत्राला पित्याच्या शिष्यांकडून मिळाली. गुरूच्या माघारी विद्या चालू ठेवणारी माणसे घडवणे, हे विष्णुबुवांच्या शिकवण्याचे खरे फळ. पुस्तकांनी प्रगती दाखवली. ती टिकवली सहवासाने.

साहित्य शिकवणाऱ्या आम्हां मंडळींनाही हा धडा लागू आहे. वर्षारंभी विद्यार्थ्याने एका कवितेवर लिहिलेले टिपण जपून ठेवावे आणि वर्षअखेर, नव्याने लिहून झाल्यावर, त्याच्या हाती द्यावे. दोहोंतला फरक आपण सांगू नये, त्याने शोधावा. आणि पुढे जाऊन, जमल्यास, वाचणाऱ्या चार सोबत्यांत तो रमेल असे पाहावे. एवढे केले तर आमच्या तासाची घंटा वाजल्यावरही त्याचे शिक्षण सुरू राहील.