शिकलगारांचा शेगडा

बऱ्हाणपूर म्हटले की मुमताज महल आठवते. १६३१ साली ती तिथेच वारली. मला मात्र त्याच जिल्ह्यातले पाचोरी गाव आठवते. तिथले शिकलगार शीख. शिकल म्हणजे पात्याची झिलई. शस्त्रे घडवणे हा त्यांचा पिढीजात धंदा. भाता, ऐरण, कानस आणि काम पकडायला शेगडा. घर हाच कारखाना.

१८७८च्या हत्यार कायद्याने शस्त्रे बनवायला परवाना लागू लागला, १९५९च्या कायद्यानेही ती अट ठेवली. घरचे कसब गुन्हा ठरले. तिथल्या काही घरांत चोरून पिस्तुले घडतात, छापे पडतात. त्या पिस्तुलाने कुणाचा तरी जीव जातो, म्हणून कायदा हवाच. पण मी कारकून आहे मित्रहो; कागदावर ‘नामंजूर’ लिहायला वेळ लागत नाही. त्याच हातांना दुसरे काम मिळवून देणे, हे खरे अवघड.