पायरीची पिवळी कड

आज रंगांविषयी बोलूया. साडीच्या नव्हे, रस्त्यातल्या, बागेतल्या, जिन्यातल्या रंगांविषयी.

माझ्या सासूबाई इथल्या कोळीवाड्यातल्या. त्या सांगतात, "होडी हौसेनं रंगवायचो, पण लांबून आपली होडी ओळखू यावी म्हणूनही." १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. गावात खुणेला देऊळ होतं, रंगीत ओटा होता. नव्या वसाहतीत सेक्टरचे आकडे आणि एकसारख्या इमारती आल्या. तरुणांना आकडे पुरले. म्हाताऱ्या माणसांच्या खुणा मात्र हरवल्या.

त्यात वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. निळा-हिरवा यांतला फरक कळेनासा होतो, फिके रंग एकमेकांत मिसळतात. पांढऱ्या ताटात दहीभात दिसत नाही, तशीच राखाडी जिन्यात राखाडी पायरी दिसत नाही.

हे दुखणं जुनंच. जपानमध्ये सेईची मियाके यांनी दृष्टिहीनांसाठी उंचवट्यांच्या फरशा तयार केल्या. १९६७ साली ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. पुढे त्यांना पिवळा रंग रूढ झाला, कारण अंधुक दिसणाऱ्यालाही तो उठून दिसतो. आज आपल्याकडेही अनेक स्टेशनांवर, मेट्रोत हा पिवळा पट्टा पायाखाली येतो.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई आमच्या जिन्यात शेवटच्या पायरीवर अडखळल्या. हाड वाचलं, पण धीर गेला. बाग बंद, भजन बंद. दिवसभर खिडकीत बसून राहायच्या, बोलणंही कमी झालं. शेवटी गटातल्या आम्ही पाचजणींनी वर्गणी काढली, सोसायटीला विचारलं आणि एका रविवारी प्रत्येक पायरीची कड पिवळी रंगवली. आठवड्याभरात त्या कठडा धरून खाली उतरल्या.

आता त्या भजनाला एकट्या जातात. महापालिकेनं स्वच्छता अभियानात शहरातल्या कितीतरी भिंती रंगवल्या. त्यांतल्या एका भिंतीवर फ्लेमिंगो आहेत. रिक्षावाल्याला सेक्टर न सांगता त्या म्हणतात, "पक्ष्यांच्या भिंतीपाशी थांबव रे बाबा." होडीसारखीच त्यांना पुन्हा एक खूण सापडली आहे.

मैत्रिणींनो, आज घरी जाताना आपल्या जिन्याची शेवटची पायरी नीट बघा. तुमच्या आईला, सासूला ती दिसते का, हे त्यांनाच विचारा. नसेल दिसत, तर एक छोटा डबा रंग आणि एक ब्रश पुरेल.