रीस्टार्टचं बटण तेव्हा नव्हतं

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातलं एक वाक्य मागच्या महिन्यात मी खोडलं. वाक्य असं होतं: ‘बर्नआउट पॅरडाइजबद्दलची जुन्या खेळाडूंची नाराजी मुख्यतः नावीन्याला असलेल्या विरोधातून आलेली दिसते.’ वाचायला बरं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. एका सेमिनारमध्ये तर मी ते छातीठोकपणे वाचूनही दाखवलं. ते चुकीचं होतं. कसं चुकलं ते सांगते, कारण सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे विषय अलीकडच्या काळातले आहेत. अठराव्या शतकातला कागद हातात आला की आपण शाई, अक्षर, नक्कल की अस्सल, सगळं बघतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या वस्तूबाबत मात्र ‘ही तर मिळतेच की’ म्हणून मोकळे होतो.

आधी खेळाबद्दल थोडं. ‘बर्नआउट’ ही मालिका इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या क्रायटेरियन गेम्सची. पहिला भाग २००१चा. शर्यतीच्या बहुतेक खेळांत गाडी ठोकली म्हणजे तुमची चूक झाली; इथे ठोकणं हाच तमाशा. काचा, पत्रा, ठिणग्या, सगळं संथ गतीने पुन्हा दाखवायचे. दुसऱ्या भागात (२००२) ‘क्रॅश मोड’ आला: भर वाहतुकीच्या चौकात गाडी घुसवायची आणि जितक्या रुपयांचं, म्हणजे डॉलरचं, नुकसान तितके गुण. २००४च्या ‘बर्नआउट ३: टेकडाउन’मध्ये प्रतिस्पर्ध्याला भिंतीवर दाबून संपवलं की वेगाचं बक्षीस मिळायचं. स्वतःची गाडी उडाली तरी खेळ थांबत नसे. हवेतला तो सांगाडा वळवून मागून येणाऱ्यावर टाकता यायचा. आणि शर्यत हरलात, तर एक बटण दाबून लगेच पुन्हा सुरू. मालिकेवर जीव टाकणारे लोक आजही या भागाचं नाव आधी घेतात.

मग जानेवारी २००८मध्ये ‘पॅरडाइज’ आला. अख्खं शहर खुलं. शर्यत निवडायची यादीच नाही. कुठल्याही सिग्नलला थांबायचं, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबायचे की तिथली शर्यत सुरू. क्रॅश मोड काढून टाकला. त्याच्या जागी ‘शोटाइम’ आला, ज्यात चेंडूसारखी टप्पे खाणारी गाडी रस्त्यावरच्या वाहनांवर आपटत न्यायची. समीक्षकांनी खेळाचं भरभरून कौतुक केलं. जुने खेळाडू मात्र कुरकुरत होते, आणि त्यांच्या तक्रारींत दोन गोष्टी सारख्या येत होत्या: क्रॅश मोड गेला, आणि शर्यत पुन्हा सुरू करायची सोय नाही.

दुसरी तक्रार मला समजेना. कारण मी खेळत होते त्या प्रतीत ती सोय होती! मी स्वतः ती वापरली होती. म्हणून मी ठरवलं की या लोकांनी खेळ धड बघितलाच नाही, आपली सवय मोडल्याचा राग काढला. झालं, वाक्य तयार.

मॅडमनी मसुदा वाचून समासात फक्त एवढंच लिहिलं: ‘कोणती प्रत?’

मी खेळत होते ती २०१८ची नव्याने सजवलेली आवृत्ती. तिच्यात नंतरची सगळी दुरुस्ती आधीच मुरलेली आहे. रीस्टार्टची सोय मुळात नव्हतीच, आणि ती विसरून राहिलेली नव्हती, जाणूनबुजून ठेवलेली नव्हती. ती आली फेब्रुवारी २००९च्या अपडेटमध्ये, म्हणजे खेळ बाजारात येऊन वर्ष उलटल्यावर. मी २००८च्या साक्षीदारांना २०१८च्या वस्तूवरून खोटं ठरवत होते.

मग जुनी डिस्क आणि एका मित्राच्या मोठ्या भावाचं जुनं प्लेस्टेशन ३ मिळवलं. इंटरनेटची वायर काढून ठेवली, नाहीतर अपडेट आपोआप उतरायचं. पहिल्याच संध्याकाळी काय ते कळलं. डाउनटाउनमधून शर्यत सुरू केली. शेवट पार पश्चिमेच्या डोंगरात, पवनचक्क्यांपाशी. शेवटच्या वळणावर समोरून आलेल्या गाडीवर आदळले, सगळे पुढे निघून गेले. आता? पुन्हा तीच शर्यत हवी असेल तर आख्खं शहर ओलांडून त्याच सिग्नलला परत जायचं. गेले. पुन्हा हरले. पुन्हा गेले. तिसऱ्यांदा मी समोरच्या प्रत्येक गाडीला घाबरून, कडेकडेने, स्कूटी शिकणाऱ्यासारखी चालवत होते.

इथे मला दुसरी गोष्ट दिसली, आणि खरं तर तीच प्रकरणात जायला हवी. खेळाडूंच्या दोन तक्रारी मी दोन खणांत टाकल्या होत्या: क्रॅश मोड ‘आशय’ या खणात, रीस्टार्ट ‘सोय’ या खणात. पण जुन्या डिस्कवर त्या एकच होतात. ‘टेकडाउन’मध्ये ठोकर स्वस्त होती, म्हणून तिची मजा घेता येई. ‘पॅरडाइज’च्या पहिल्या रूपात एका ठोकरीची किंमत म्हणजे परतीचा सगळा रस्ता. ज्या मालिकेने ठोकरीला चुकीच्या खात्यातून काढून आनंदाच्या खात्यात टाकलं, तिच्यातच ठोकर पुन्हा चूक झाली. लोक याबद्दल बोलत होते. त्यांना ‘रीस्टार्ट नाही’ एवढंच म्हणता आलं, ते सिद्धांत मांडायला बसले नव्हते.

निर्मात्यांची बाजूही त्या संध्याकाळीच समजली, हे सांगायला हवं. परत जाताना वाटेत प्रत्येक सिग्नलला दुसरं काहीतरी खेळायला मिळतं. हरलेलं विसरा, जिथे आहात तिथून पुढे चला, असा तो हिशोब. चौथ्या वेळी मी तेच केलं आणि मजा आली. म्हणजे समीक्षकही खोटं बोलत नव्हते.

या एका चुकीमुळे माझी बाकीची साधनंही डळमळली. मेटाक्रिटिकसारखं संकलन एखाद्या परीक्षणाचे पहिल्यांदा दिलेले गुणच धरतं. वस्तू नंतर बदलली तरी आकडा तिथेच. शिवाय शहरही सगळ्यांचं सारखं नव्हतं. ऑक्टोबर २००८मध्ये बराक ओबामांच्या प्रचाराची जाहिरात या खेळातल्या रस्त्याकडेच्या फलकांवर झळकली, पण फक्त एक्सबॉक्सवर, आणि तीही अमेरिकेतल्या निवडक १० राज्यांत. ओहायोतला खेळाडू आणि लंडनमधला खेळाडू त्या महिन्यात एकाच चौकात वेगळा फलक बघत होते. माझ्या डिस्कवर त्यातलं काहीच नाही. जुन्या यंत्रांसाठीचे ऑनलाइन सर्व्हर तर ऑगस्ट २०१९मध्ये बंदच झाले, त्यामुळे आठ जणांनी मिळून खेळण्याबद्दलची मतं आता फक्त शब्दांत आणि व्हिडिओत उरली आहेत.

आता माझ्या नोंदवहीत प्रत्येक मतापुढे दोन रकाने वाढवलेत: तारीख, आणि त्या तारखेला चालू असलेली आवृत्ती. कंटाळवाणं काम आहे. पहिल्या आठवड्यातच एक गठ्ठा असा निघाला की त्यातली मतं डिसेंबर २००७ची, म्हणजे खेळ येण्याआधीची. ते लोक फुकट मिळालेल्या डेमोबद्दल बोलत होते, आणि मी त्यांना ‘पॅरडाइजचे खेळाडू’ म्हणून मोजून टाकलं होतं. तो गठ्ठा सध्या वेगळा काढून ठेवलाय. मॅडमना अजून सांगितलेलं नाही.