रुपयाचे नाव आणि रुपयाचे मोल

नाण्यावर कोरलेले नाव आणि त्या नाण्याचे बाजारातील मोल या दोन भिन्न गोष्टी होत. अवधच्या नवाबांच्या लखनौचा इतिहास हा भेद विशेष स्पष्टपणे दाखवितो. तेथे पाडल्या जाणाऱ्या रुपयावर मासळीचे चिन्ह असे; नाव मात्र दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे आणि टांकसाळ बनारसची. वस्तुतः बनारस 1775 मध्येच ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले होते. नाण्यावरील कारकिर्दीचे 26 वे वर्षही पुढे सरकले नाही. 1806 मध्ये बादशहा निवर्तल्यावरही तेच वर्ष कोरले जात राहिले. पेशवाईतील अंकुशी रुपयाही बादशहाच्याच नावाचा होता, हे मराठी वाचकास ठाऊक आहेच.

बाजाराला या नावाशी फारसे कर्तव्य नव्हते. सराफ वजन आणि कस पाहून, झिजलेल्या वा परमुलखीच्या नाण्यावर बट्टा कापी. दूरच्या पेठेतील देणे हुंडीने भागे, तर किरकोळ खरेदी तांब्याच्या पैशांनी आणि कवड्यांनी होई. मोल मोजणे, देणे भागविणे आणि संचय करणे ही कामे अशी निरनिराळ्या साधनांत वाटली गेली होती. 'नावाला बट्टा लागणे' हा आपला वाक्प्रचार याच व्यवहाराची खूण होय.

1819 मध्ये गाजीउद्दीन हैदर याने राजपद धारण केले आणि नाण्यावर स्वतःचे नाव घातले. परंतु याच राज्यकर्त्याने 1814 पासून कंपनीला कोट्यवधी रुपयांची कर्जे दिली होती. 1825 च्या एक कोटीच्या कर्जाची अट अशी, की मुद्दल कधीही परत करावयाचे नाही. शेकडा 5 दराचे व्याज नेमलेल्या व्यक्तींना व त्यांच्या वारसांना कायम द्यावयाचे. हाच 'वसीका'. 1856 मध्ये अवधचे राज्य खालसा झाले, राजाचे नाव नाण्यावरून गेले. वसीका मात्र चालू राहिला आणि 1947 नंतरही बंद झाला नाही.

कर्ज दिले गेले ते चांदीच्या रुपयांत. पुढे 1940 मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली, 1947 पासून तो निकेलचा झाला. वसीक्याचा आकडा मात्र रुपयांतच स्थिर राहिला आणि पिढीगणिक वारसांत विभागला गेला. परिणामी एकविसाव्या शतकात काही वारसांच्या वाट्यास दहा रुपयांहूनही कमी रक्कम येते. ती आणण्याचा प्रवासखर्चच तिच्याहून अधिक होतो.

वचन आकड्यात पाळले गेले, मोलात नाही. तरीही वारस ती रक्कम घेण्यास जातात, कारण त्यांच्या लेखी ती घराण्याच्या नावाची पोच आहे. ज्या रुपयाने आता काही विकत मिळत नाही, तो वंशाची साक्ष देण्याचे काम अद्याप करीत आहे.