चुकलेला नकाशा आणि मेसियाचे खोरे

अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातील युद्ध १८४८ साली ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने संपले. नव्या सीमेसाठी तहाच्या पाचव्या कलमात न्यूयॉर्कच्या डिस्टर्नेल यांचा १८४७ चा नकाशा प्रमाण मानण्यात आला. तो प्रत्यक्ष पाहणीतून सिद्ध झालेला नव्हता. जुन्या नकाशांवरून उतरविलेला होता. त्यात रिओ ग्रान्दे नदीकाठचे एल पासो (आजचे स्युदाद ह्वारेज) खऱ्या जागेपेक्षा सुमारे अर्धा अंश उत्तरेस आणि जवळजवळ दोन अंश पूर्वेस दाखविले होते. सीमा या गावाच्या उत्तरेकडून पश्चिमेस जावयाची होती. ती नकाशातील अक्षांशावरून आखावयाची, की प्रत्यक्ष गावापासून?

हा पेच सोडविण्यास अमेरिकेने पाठविले ते जॉन रसेल बार्टलेट यांना. हे गृहस्थ ग्रंथविक्रेते आणि कोशकार! मेक्सिकोचे आयुक्त पेद्रो गार्सिया कोंदे यांच्याशी त्यांनी १८५० च्या अखेरीस तडजोड केली: अक्षांश नकाशातला, ३२ अंश २२ मिनिटे, पश्चिमेकडील लांबी मात्र खऱ्या नदीपासून मोजावयाची. भूमापक अँड्र्यू ग्रे यांनी सही करण्यास साफ नकार दिला.

वादात सापडलेल्या त्या पट्ट्यात मेसियाचे सुपीक खोरे होते. अमेरिकेच्या अमलाखाली राहणे नको म्हणून डोन्या आना येथील अनेक कुटुंबे नदी ओलांडून तेथे वसली होती. पुढे ३० डिसेंबर १८५३ रोजी गॅड्सडेन करार झाला आणि अखेर एक कोटी डॉलर्सना हा मुलूख अमेरिकेने विकत घेतला. घर न हलविता ती माणसे पुन्हा त्याच सत्तेखाली आली. त्यांना कोणी विचारले नव्हते.

नवी रेषा विल्यम एमरी यांनी १८५५ मध्ये ताऱ्यांचे वेध घेऊन आखली. तिच्यावरील सीमास्तंभ मोजके आणि एकमेकांपासून फार दूर होते. त्यांतील कित्येक पुढे ढासळले. निर्मनुष्य रानात तेवढे चालून गेले. परंतु १८८० नंतर रेल्वे आली, खाणी निघाल्या, गुरांचे मोठमोठे कळप त्या कोरड्या कुरणांत चरू लागले आणि अमुक पाणवठा कोणत्या देशात, हा प्रश्न रोजचा झाला. तेव्हा १८८२ च्या कराराने दोन स्तंभांत ८,००० मीटरपेक्षा अधिक अंतर नसावे असे ठरविले. १८९० नंतरच्या दशकात संयुक्त आयोगाने रिओ ग्रान्देपासून पॅसिफिकपर्यंत २५८ स्तंभ कायम केले आणि सीमेलगतच्या डोंगर-ओहोळांचे नकाशे तयार केले. या कामात दुर्बिणींपेक्षा पाण्याच्या पिंपांची चिंता अधिक होती. ती गाड्यांवर लादून मैलोन्‌मैल न्यावी लागत.